नऊ पट्ट्यांची जाळी

प्रेमिला डोंगरेने लोखंडी जाळीच्या नकाशावर चौदा पट्ट्या काढल्या होत्या. चंपतराव वैरागड्यांनी लाल पेन्सिलीने त्यातल्या पाच खोडल्या आणि कागद तिच्याकडे परत सरकवला.

"नऊ कर," ते म्हणाले.

१९७४ सालचा मे महिना होता. रामदासपेठेतल्या त्यांच्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर ऑफिस होतं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारलं होतं, तरी टी-स्क्वेअर पट्टी हाताला गरम लागत होती. प्रेमिलाने नकाशा पुन्हा त्यांच्यासमोर केला.

"साहेब, जुन्या रेच्याचं तोंड अठरा इंच होतं. तिथं नऊ पट्ट्या पुरत होत्या. या नव्याचं तोंड सत्तावीस इंच आहे. नऊच ठेवल्या तर मधली फट दोन इंचावर जाते. बाईचा हात सरळ आत जाईल."

"सत्तावीस काहून ठेवलं, माहीत आहे तुले?"

"नाही."

"दोन अन् सात, नऊ." चंपतराव समाधानाने हसले. "मशीन नऊची, जाळी नऊची. मग हात जातच नाही. तू इंच मोजून राहिली बाई, मी त्याच्या मागचं मोजतो."

रेचा म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. जिनिंग कारखान्यात असे रेचे ओळीने लावलेले असतात आणि एकेका रेच्यापुढे बसून मजूर, त्यातही जास्त बाया, त्यात कापूस घालतात. आत चामडं गुंडाळलेला रूळ फिरतो, त्याला घासून लोखंडी सुरी वरखाली होते. कापसाचा गठ्ठा तोंडाशी अडला की तो हाताने लोटायचा, आणि लोटताना बोटं रुळापर्यंत गेली की गेली. वऱ्हाडात, नागपूर-वर्ध्याकडे अशी बोटं गमावलेली माणसं गावोगाव होती. चंपतरावांचा सख्खा मोठा भाऊ त्यातलाच. त्याचा उजवा पंजा गेला तेव्हा चंपतराव सतरा वर्षांचे होते आणि शेजारच्याच रेच्यावर बसले होते.

त्या माणसाने पुढे दहा वर्षं खपून रेच्याच्या तोंडावर बसणारी जाळी बनवली. कापूस आत जाईल, पंजा जाणार नाही. आठ जाळ्या फसल्या. कुठे कापूस अडकायचा, कुठे पट्टी वाकायची. नववी जाळी चालली, आणि योगायोगाने तिला पट्ट्याही नऊच होत्या. ती जाळी पुढे विदर्भभर गेली, खानदेशात गेली, गुजरातेत गेली. मग ते जाळीसकट रेचेही बनवू लागले. दिल्लीहून मानपत्र आलं, पेपरात फोटो आले. चंपतराव वैरागडे हे नाव नागपुरात शाळेतल्या पोरांनाही माहीत झालं.

पण त्या नवव्या जाळीने चंपतरावांचं डोकं फिरवलं. जाळी चालली ती आपल्या मेहनतीने नाही, नऊच्या आकड्याने चालली, असं त्यांनी धरून घेतलं. बंगल्याला नऊ पायऱ्या केल्या. घरातून निघायचे ते नऊ वाजून नऊ मिनिटांनी. धरमपेठेत गणपतीत व्याख्यान देताना ते यंत्राबद्दल दहा मिनिटं बोलायचे आणि नऊच्या पाढ्याबद्दल दीड तास. कोणत्याही ओळीतल्या आकड्यांची बेरीज करा, नऊच येते, हे फळ्यावर लिहून दाखवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. मोठ्या माणसाची लहर म्हणून सगळे कौतुक करत. प्रेमिलाही दोन वर्षं त्यावर हसत आली होती.

ती आयटीआयमधून ड्राफ्ट्समनच्या परीक्षेत पहिली आली होती. तिच्या बॅचमध्ये ती एकटीच मुलगी. वैरागड्यांकडे नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी, मिलमधून निवृत्त झालेल्या बळीरामजींनी, वस्तीत पेढे वाटले होते. पोरीचे मार्क पाहून एवढ्या मोठ्या माणसाने घेतलं, असं ते ज्याला त्याला सांगत. वर्कशॉपमधले म्हातारे फिटर नानाजी यांनी एकदा बोलता बोलता तिला खरं सांगितलं होतं.

"मार्क कोनं पाह्यले, बाई? आठ जण होतो आम्ही. नववं माणूस पाह्यजे होतं त्याइले. त्या दिवशी तू आली."

तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, पण नोकरी नोकरी होती. आता समोर लाल रेघांचा कागद होता आणि ते जुनं वाईट वाटणं एकदम रागात बदललं.

तिने आणखी एक प्रयत्न केला, आणि त्याची लाज तिला पुढे फार दिवस वाटली. "साहेब, अठरा घेऊ," ती म्हणाली. "पट्टी अर्ध्या इंचाची करू. फट इंचाच्या आत राहते. अन् अठराची बेरीज नऊच होते."

चंपतरावांनी डोळे मिटून विचार केला. क्षणभर तिला वाटलं, जमलं.

"नाही," ते म्हणाले. "अठरात आठ आहे. आठ शनीचा. बेरीज नऊ झाली तरी पोटात शनी राहतेच. कर, नऊ कर."

प्रेमिलाने नऊ पट्ट्या काढल्या. चौदा पट्ट्यांचा खोडलेला कागद तिने फेकला नाही. त्यावर तारीख टाकली, बाजूला फटींचा हिशेब लिहिला आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याने काही होणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. नकाशा शेवटी तिच्या हातानेच गेला.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि नव्या जाळीचे छत्तीस रेचे निरनिराळ्या जिनिंगमध्ये बसले. डिसेंबरच्या तेरा तारखेला दुपारी हुडकेश्वरच्या बाजूच्या एका जिनिंगमधून फोन आला. फोन प्रेमिलाच्या टेबलाजवळच होता. तिने ऐकलं, आणि रिसीव्हर तसाच हातात धरून चंपतरावांना सांगितलं, "एका बाईचा हात गेला. आपल्या रेच्यावर. चार बोटं."

चंपतराव खुर्चीत बसले होते ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्या एका क्षणी प्रेमिलाला त्यांची दया आली. मग ते बोलले.

"आज तारीख काय?"

"तेरा."

"एक अन् तीन, चार. चार राहूचा." त्यांनी सुस्कारा सोडला, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "विचार त्याइले, बाईचं नाव काय अन् जन्म कोनत्या तारखेचा."

बाई कुठे आहे, शुद्धीवर आहे की नाही, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. प्रेमिलाने फोनवर विचारलं ते एवढंच, की तिला कोणत्या दवाखान्यात नेलं. आणि पर्स घेऊन ती निघाली.

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात खाटा कमी होत्या. हात गेलेली बाई, मनकर्णा, जमिनीवर गादी टाकून निजलेली होती. तिशीची, काळीसावळी, हाडकुळी. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. उशाशी तिची सासू तुळसाबाई बसली होती. प्रेमिलाने आपण वैरागड्यांच्या ऑफिसातून आलो असं सांगितलं तेव्हा तुळसाबाईने पदराने जागा पुसून दिली. ते पाहून प्रेमिलाला खाली बसवेना.

"कसं झालं?" तिने विचारलं.

मनकर्णा हळू आवाजात बोलत होती. "कापूस अडला होता वं ताई. मी लोटला. बिनजाळीच्या जुन्या रेच्यावर असती तर हातानं लोटला नसता. काडीनं लोटत होतो आम्ही. मुकादम म्हने, ही वैरागडे साहेबाची जाळी आहे, बिनफिकीर हात लावा, हात जातच नाही." ती थोडं थांबली. "तर मी भ्याली नाही."

उघडा रेचा असता तर बाई भ्यायली असती आणि वाचली असती. जाळीवर विश्वास ठेवला म्हणून हात गेला.

"आता एक माणूस येऊन गेला," तुळसाबाई म्हणाली. "जिनिंगचाच होता. हिची जन्मतारीख पाह्यजे म्हने. कागदाले लागते म्हने. आमाले काय माहीत तारीख? हिची माय म्हनते, पोळ्याच्या आसपास झाली. मी तेच सांगतलं. कागदाले चालन ना, बाई?"

"कोणत्याच कागदाला लागत नाही ती," प्रेमिला म्हणाली. आवाज चढला होता हे तिला शेजारच्या गादीवरची बाई वळून पाहू लागली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात पोचली तेव्हा चंपतराव टायपिस्टला पत्र सांगत होते. सरकारी कारखाना निरीक्षकांना द्यायचं पत्र. जाळीत कोणताही दोष नाही. ती नऊच्या सिद्ध मानावर बनवलेली आहे. सदर स्त्री कामगाराच्या नावाच्या अक्षरांची बेरीज चार येते आणि अपघाताच्या तारखेचीही चार. अशा व्यक्तीला त्या दिवशी रेच्यावर बसवणं ही जिनिंगची चूक आहे. तसंच तिने निष्काळजीपणे हात घातला. यापुढे कामगार ठेवताना नावाची बेरीज पाहून ठेवावी, त्यासाठीचा तक्ता आपण विनामूल्य पुरवू.

टायपिस्ट खाली मान घालून टाइप करत होता. प्रेमिला दारातच उभी राहून सगळं ऐकत होती.

"बरं झालं आली," चंपतराव म्हणाले. "नकाशाची स्वच्छ प्रत काढ इन्स्पेक्टरसाठी. अन् तुझ्या ड्रॉवरमधे तो चौदावाला कागद आहे, नानाजी सांगत होता. तो फाडून टाक. उगा गोंधळ होईल."

"साहेब, तुमी त्या बाईले पाह्यलं का?"

"मी जाऊन काय करू? मी डॉक्टर नाही."

"तुमच्या भावाचा हात गेला तेव्हा त्याच्या नावाची बेरीज किती होती?"

टायपिस्टची बोटं थांबली. प्रेमिला आल्यापासून त्या खोलीत चंपतरावांच्या भावाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

"तेव्हा मले आकड्याचं ज्ञान नव्हतं," चंपतराव सावकाश म्हणाले.

"म्हणून तुमी जाळी केली." प्रेमिला दारातून पुढे आली. "ज्ञान असतं तर भावाचीच चूक काढून बसले असते. त्या बाईले आपली जन्मतारीख माहीत नाही साहेब. तिनं तुमच्या नावावर भरोसा ठेवला अन् हात घातला. अन् तुमी लिहून राहिले का तिचं नाव वाईट आहे. मी मे महिन्यात तुमाले सांगतलं होतं, हात जाईल म्हणून. तुमी मले नऊचा पाढा शिकवला."

"बस," चंपतराव म्हणाले. "तुले उद्यापासून यायची गरज नाही."

"तो कागद मी नेते," ती म्हणाली. "तो माझ्या हातचा आहे."

घरी आल्यावर तिने सगळं बळीरामजींना सांगितलं. नोकरी गेल्याचं शेवटी सांगितलं. छप्पन साली दीक्षाभूमीवर बळीरामजींनी पाच वर्षांच्या प्रेमिलाला खांद्यावर बसवून नेलं होतं, आणि परत येताच घरातला पंचांगांचा गठ्ठा, गंडेदोरे, सगळं चुलीत घातलं होतं.

"आपल्याकडे असंच सांगत होते पहिले," ते म्हणाले. "तुमचा जन्मच तसा आहे, म्हणून तुमचं असं होते. त्याच्यातून निघाले आपण. त्या बाईले पुन्हा कोणी त्याच्यात ढकलू नये." मग म्हणाले, "पन नकाशा तू काढला होता ना, बेटा?"

"हो बाबा."

"मग तेबी सांगजो तिथं."

चौकशी आठ दिवसांनी जिनिंगमध्येच झाली. निरीक्षक महादेवराव इंगळे नावाचे शांत, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. जिनिंगचे मालक होते, मुकादम होता, चंपतराव मोटारीतून आले होते. रेच्यांच्या ओळी बंद होत्या आणि बाया भिंतीला लागून उभ्या होत्या. मालकांनी चंपतरावांना वाकून नमस्कार केला. निरीक्षकांनीही केला. एवढ्या मोठ्या माणसाला उभं कसं ठेवायचं म्हणून खुर्ची आणली गेली. प्रेमिलाला कोणी बोलावलं नव्हतं. ती नानाजींबरोबर आली होती आणि दाराशी उभी होती.

पत्रातलंच सगळं चंपतराव अर्धा तास बोलले. आवाज खणखणीत, मांडणी सुरेख. मुकादमाने दोनदा मान डोलावली. भिंतीलगतच्या एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले होते, आणि ते जोडलेले हात पाहून प्रेमिलाला राहवेना.

ती पुढे आली. "साहेब, मी प्रेमिला डोंगरे. या जाळीचा नकाशा मी काढला." तिने खोडलेला कागद निरीक्षकांपुढे धरला. "हा पहिला. यात चौदा पट्ट्या आहेत. मग मले नऊ काढाले सांगतलं आणि मी काढल्या. तेव्हाच नोकरी सोडाले पाह्यजे होती. सोडली नाही. ती माझी चूक. पण मनकर्णाबाईची काहीच चूक नाही."

"बाई, फट मोजून पाहता येईल," निरीक्षक म्हणाले आणि खिशातून फूटपट्टी काढू लागले.

"मोजा. पण पहिले हे पाहा."

ज्या रेच्यावर मनकर्णा बसत होती त्याच्यापुढे ती गेली. रेचा बंद होता, पट्टा उतरवलेला होता. तरी तिने एकदा तो पट्टा पाहून घेतला. तिने चार बोटं जुळवली, अंगठा आत दुमडला आणि पंजा दोन पट्ट्यांच्या मधून घातला. तो सहज गेला. बोटांच्या टोकांना रुळाचं गार चामडं लागलं. मनगटापर्यंत हात आत घालून ती तशीच उभी राहिली आणि तिने चंपतरावांकडे पाहिलं.

"आज एकवीस तारीख आहे साहेब," ती म्हणाली. "दोन अन् एक, तीन. माझ्या नावाची बेरीज काय येते ते तुमीच सांगा. कशाचीबी बेरीज करा, हात आत गेला आहे."

मग भिंतीजवळची एक बाई पुढे आली, तिने न विचारता शेजारच्या रेच्यात आपला हात घातला, आणि तिच्यामागून दुसरी आली. मुकादम त्यांना थांबवायला निघाला, पण निरीक्षकांनी त्याला हातानेच मागे सारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, खाली बसून तीन जाळ्यांच्या फटी मोजल्या आणि वहीत लिहून घेतल्या. चंपतराव खुर्चीतून उठून मोटारीकडे चालू लागले होते.

हुकूम निघाला. पट्ट्या वाढवेपर्यंत छत्तीसही रेचे बंद. अहवालात दोष जाळीचा लिहिला गेला, मनकर्णाचा नाही. त्यामुळे तिला भरपाई मिळाली आणि जिनिंगने तिला सरकी निवडायच्या कामावर ठेवलं. डाव्या हाताने ते काम फार सावकाश होई. पेपरात मात्र एक ओळही आली नाही. त्याच आठवड्यात चंपतरावांच्या एका सत्काराची बातमी फोटोसकट आली.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी चंपतराव स्वतः प्रेमिलाच्या घरी आले. गल्लीत मोटार शिरत नव्हती म्हणून पायी आले. बळीरामजींनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा केला.

चंपतराव खराब झाले होते. गाल आत गेले होते. "मी पंधरा दिवस झोपलो नाही," ते प्रेमिलाला म्हणाले. "सारखा हिशेब करून राहिलो. आता कळलं. तू तेव्हा अठरा म्हणाली होती. मीच शनीले भ्यालो. अठराच बरोबर होते. आकडा मले सांगून राहिला होता, तुझ्या तोंडून सांगून राहिला होता, अन् मी ऐकलं नाही. आता साऱ्या जाळ्या अठराच्या करतो. तू परत ये. तुझ्या तोंडात आकडा आहे."

अठरा पट्ट्यांनी हात वाचले असते, हे खरं होतं. आकडाच बोलला, एवढं मुकाट्याने मान्य केलं असतं तर नोकरी परत मिळत होती, मान मिळत होता.

"आकडा नाही बोलला," ती म्हणाली. "मी बोलली. मी फूटपट्टीनं मोजलं होतं. माझ्या डोक्यानं."

"तेच तर, तुझ्या डोक्यात आलं कुठून?"

"आयटीआयमधून. दोन वर्षं सकाळी सायकलनं जात होती मी." तिला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "साहेब, तुमची पहिली जाळी तुमी केली. दहा वर्षं हाताला फोड आणून केली. तेबी तुमी त्या नऊले देऊन टाकलं. मनकर्णाचा हात गेला, तो चारले दिला. आता माझं गणित अठराले देऊन राहिले. कोणाचं काहीच ठेवत नाही तुमी. त्या बाईकडे जा. तिले सांगा का तिच्या नावात काही नव्हतं. ती अजूनबी विचारते मले, ताई, माझं नाव खरंच वाईट आहे का वं. हे लिहून द्या तिले, तुमच्या सहीनं. मग मी येते."

चंपतरावांनी कप खाली ठेवला.

"पाहतो," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी काही लिहून दिलं नाही. मनकर्णाकडेही ते गेले नाहीत. पुढच्या हंगामात अठरा पट्ट्यांची जाळी आली. ती चांगली होती, तिने एकही हात घेतला नाही, आणि धरमपेठेतल्या व्याख्यानात चंपतरावांनी सांगितलं की अठरा म्हणजे दोनदा नऊ, दुप्पट रक्षण. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं नानाजींनी प्रेमिलाला येऊन सांगितलं.

प्रेमिला तोवर एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागली होती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने अर्धी सुटी टाकली आणि सायकलने हुडकेश्वरकडे निघाली. जिनिंगच्या दाराशी मनकर्णा सरकीच्या ढिगापुढे बसली होती. प्रेमिला तिच्या शेजारी बसली आणि सरकी निवडता निवडता, आधी कितीदा तरी सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली: तोंड सत्तावीस इंच होतं, पट्ट्या नऊ होत्या, फट दोन इंच झाली.